माईक आणि रेंडर एकाच खोलीत : शांत आणि दमदार डेस्कटॉपच्या जुळवणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातलं एक जोडपं. ताई मराठी ऑडिओबुकांचं निवेदन करतात. त्यांचे मिस्टर आर्किटेक्ट आहेत. बांधायच्या घरांची, दुकानांची थ्रीडी चित्रं तयार करून देणं हा त्यांच्या कामाचा मोठा भाग. भाड्याचा दोन बेडरूमचा फ्लॅट, त्यातली एक खोली दोघांच्या कामाची. माईक त्याच खोलीत, कॉम्प्युटरही त्याच खोलीत, आणि तोही दोघांत एकच. सकाळी लवकर आणि रात्री रस्ता निवला की ताई रेकॉर्डिंग करायच्या. मधला वेळ आणि मध्यरात्रीनंतरचं मशीन मिस्टरांचं.

जुना डेस्कटॉप २०१७ सालचा होता. चार कोअरचा प्रोसेसर, पुढे तीन रंगीत दिव्यांचे पंखे, आत दोन हार्ड डिस्क आणि मागून गरम हवा फेकणारं ब्लोअर जातीचं ग्राफिक्स कार्ड. मिस्टरांचं एखादं इंटिरिअरचं मोठं चित्र कोरोना रेंडरर या सॉफ्टवेअरवर रेंडरला (म्हणजे मॉडेलवरून पक्कं चित्र घडवायला) लावलं की रात्र जायची. ते लागलेलं असताना ताईंनी माईक चालू करण्याचा प्रश्नच नव्हता. पण मशीन नुसतं उघडं असतानाही रेकॉर्डिंगमध्ये मागे एक सतत घूं ऐकू यायची, आणि खरी अडचण तिथे होती.

२०२३ च्या दिवाळीच्या सुमारास दोघांनी नवीन मशीन जुळवायचं ठरवलं. बजेट दोन लाखांच्या आत. पार्ट निवडायचं आणि जुळवणीचं काम माझ्याकडे आलं. दोघांच्या परवानगीने हे लिहितो आहे; ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

नेमकी अडचण

निर्मात्याकडून ताईंनी वाचलेली पुस्तकाची काही प्रकरणं परत आली होती. ऑडिओबुक विकणाऱ्या ऑडिबलच्या एसीएक्स या व्यवस्थेने घातलेली तांत्रिक अट आता बऱ्याच ठिकाणी प्रमाण मानली जाते, आणि ताईंच्या निर्मात्यानेही तीच मागितली होती. रेकॉर्डिंगमध्ये शून्य डेसिबल ही कमाल पातळी धरतात, म्हणून आकडे उणे. आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या दरम्यान, सर्वांत मोठं टोक उणे ३ च्या आत, आणि कोणी बोलत नसताना उरणारी खोलीची गुणगुण उणे ६० च्या खाली. ताईंची गुणगुण उणे ५१-५२ वर अडकायची.

सॉफ्टवेअरचं नॉइज रिडक्शन, म्हणजे गुणगुण कापणारी सोय, लावून आकडा खाली येत होता, पण त्याची किंमत आवाजाला मोजावी लागत होती. पंख्यांची सळसळ ज्या पट्ट्यात असते त्याच पट्ट्यात मराठीतले स, श, ह आणि च राहतात. सळसळ कापली की हे उच्चार बोथट होतात. कथेत कुजबुजत बोललेलं वाक्य आलं की ते ऐकायला कृत्रिम वाटायचं. 'मी हवा सोडून बोलते ना, तीच कापली जाते,' असं ताईंचं म्हणणं, आणि ते अगदी नेमकं होतं.

या अटीचा खोलीच्या भाषेत अर्थ काय होतो, हे आधी मांडून पाहिलं. आवाज सरासरी उणे २० वर आणि गुणगुण उणे ६० वर, म्हणजे दोघांत ४० डेसिबलचं अंतर हवं. माईकपासून वीतभर अंतरावर सामान्य निवेदनाचा आवाज साधारण ७० डेसिबल भरतो. तेव्हा माईकच्या जागी खोलीचा एकूण आवाज ३० डेसिबलच्या खाली राहायला हवा, आणि त्यात रस्ता, फ्रिज, शेजारचा मिक्सर हे सगळं आलं. कॉम्प्युटरच्या वाट्याला त्यातला फारच थोडा हिस्सा उरतो. ताईंचा माईक चांगला कंडेन्सर होता, स्वतःची खरखर पाच डेसिबलच्या आसपासची. माईक बदलून इथे काहीही साधलं नसतं.

पहिला निर्णय : शांत कधी हवं?

'सायलेंट पीसी' मागणाऱ्या माणसाला मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो. या घरात त्याची दोन वेगळी उत्तरं होती. ताई बोलत असताना मशीनवर काम नगण्य असतं. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर आणि एक पीडीएफ, बस. त्या वेळी मशीन चालू आहे हे माईकला कळता कामा नये. मिस्टरांचं रेंडर चालू असताना मात्र माईक बंद असतो. तेव्हा शेजारच्या खोलीत दार लावून झोपता आलं म्हणजे पुरे.

दोन वेगळ्या कसोट्या ठरल्यामुळे पुढचे पाच-सहा निर्णय सोपे झाले. पूर्ण भारावरही अजिबात आवाज नको असता, तर बजेट दुप्पट करूनही पुण्याच्या उन्हाळ्यात ते जमलं असतं असं मला वाटत नाही.

आवाज येतो कुठून?

नवीन पार्टांची यादी करण्याआधी जुन्या मशीनजवळ एक संध्याकाळ बसलो. कॅबिनेट उघडून एकेका पंख्याची पिन थोडा वेळ काढायची, ताईंच्या माईकवर अर्धं मिनिट रेकॉर्ड करायचं, आणि स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या सुरात किती आवाज आहे तो आलेख, पाहायचा. पंखे सगळ्यात मोठे दोषी असणार असा माझा अंदाज होता. सळसळ त्यांची होतीच, पण घूं त्यांची नव्हती.

स्पेक्ट्रममध्ये १२० हर्ट्झवर एक उंच सुई दिसत होती. हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. दोन डिस्कचे वेग एकमेकींपासून किंचित वेगळे असल्यामुळे ती घूं हळूहळू मोठी व्हायची, मग लहान, मग परत मोठी. शिवाय कॅबिनेट प्लायच्या टेबलावर ठेवलेली. डिस्कची थरथर कॅबिनेटच्या पत्र्यात, पत्र्यातून टेबलात, आणि त्याच टेबलाला माईकचा स्टँड क्लॅम्प केलेला. दोन्ही डिस्क बाहेर काढून लांब वायरवर स्पंजच्या तुकड्यावर ठेवल्या, आणि एक रुपया न खर्चता सुई निम्म्याहून खाली आली.

हे पाहिल्यावर मिस्टर म्हणाले, 'मग नवीन मशीन कशाला?' त्यांच्या रेंडरसाठी ते लागणारच होतं. पण केवळ रेकॉर्डिंगचा प्रश्न असता तर मी त्यांना तिथेच थांबायला सांगितलं असतं : डिस्क बाहेर, दोन पंखे चांगले, काम झालं.

तोलून पाहिलेले पर्याय

मशीन दुसऱ्या खोलीत ठेवून वायरी भिंतीतून आणणं हा ध्वनीच्या दृष्टीने सर्वांत उत्तम पर्याय. पण घर भाड्याचं, मालक भिंतीला भोक पाडू देणार नव्हते. दाराखालून वायर घेतली तर दार नीट लागत नाही आणि बाहेरचा आवाज आत येतो. शिवाय साध्या डिस्प्ले केबल दोन-तीन मीटरच्या पुढे हाय रिझोल्यूशनला डोकेदुखी ठरतात आणि यूएसबी २ ची मर्यादा पाच मीटरची.

अॅपलचा मॅक स्टुडिओ पाहिला. ताईंसाठी तो उत्तम होता. हलक्या कामात ऐकूच येत नाही. मात्र मिस्टरांचं मुख्य काम थ्रीडीएस मॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये, आणि ते विंडोजवरच चालतं. तो पर्याय तिथेच मिटला. लॅपटॉप बाद झाला तो त्याच्या बारीक पंख्यामुळे. लहान पंखा जोरात फिरतो आणि त्याचा कर्कश सूर माईक नेमका उचलतो.

पंखा अजिबात नसलेलं मशीन हाही एक पर्याय. नॉक्टुआने २०२१ मध्ये एनएच-पी१ हा बिनपंख्याचा प्रोसेसर कूलर काढला, आणि थंड देशात, हलक्या कामाला तो छान चालतो. तासन्‌तास रेंडर करणाऱ्या प्रोसेसरवर, एप्रिलच्या पुण्यात, तो बसवायला मी तयार नव्हतो.

म्हणून जुळवणी. पार्ट निवडताना मी एकच सूत्र धरून चाललो : मशीनमध्ये गेलेला प्रत्येक वॅट उष्णता होऊन बाहेर पडतो आणि ती उष्णता बाहेर ढकलायला पंखा लागतो. आवाज ठरतो तो वॅट निवडताना. 'सायलेंट' लिहिलेल्या खोक्यांनी त्यात नंतर फारसा फरक पडत नाही.

प्रोसेसर : इथे सगळ्यात जास्त चर्चा झाली

कोरोना रेंडरर प्रोसेसरवर चालतो, ग्राफिक्स कार्डवर नाही. त्यामुळे मिस्टरांना जितके कोअर तितकं बरं. त्यांच्या मनात दोन नावं होती : इंटेलचा कोअर आय९-१३९००के आणि एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स. पहिला पूर्ण भारावर २५३ वॅटपर्यंत जातो, दुसरा २३० पर्यंत. माझं म्हणणं होतं रायझन ९ ७९०० घ्या. १२ कोअर, आणि सॉकेटवर मर्यादा ८८ वॅटची.

मिस्टरांचा आक्षेप रास्त होता. १६ ऐवजी १२ कोअर का घ्यायचे? उत्तर आकड्यांतच होतं. ७९५०एक्स ला साधारण अडीचपट वीज द्यावी लागते आणि काम मिळतं जेमतेम दीडपट. वरच्या शेवटच्या काही टक्क्यांसाठी हे प्रोसेसर बेसुमार वीज खातात, कारण जास्त वेगाला जास्त व्होल्टेज लागतं आणि व्होल्टेजबरोबर विजेचा खर्च वर्गाच्या हिशोबाने (दुपटीला चौपट) वाढतो.

मधला एक मार्ग होता आणि तो खरोखर चांगला होता : ७९५०एक्स घ्यायचा आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आवळणारा इको मोड लावून त्याला १०५ किंवा ६५ वॅटच्या वर्गात बसवायचं. तेवढ्याच विजेत १६ कोअर हळू चालवणं हे १२ कोअर जोरात चालवण्यापेक्षा जास्त काम देतं. दोघांमधल्या किमतीचा फरक रॅम आणि एसएसडीकडे वळवायचा होता म्हणून आम्ही तो सोडला. बजेट थोडं सैल असतं तर मी इको मोडमधला १६ कोअरच निवडला असता.

इंटेलचा पर्याय तेव्हा फक्त वॅटमुळे मागे पडला. पुढे २०२४ मध्ये १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या वरच्या इंटेल प्रोसेसरांत व्होल्टेज जादा जाऊन अस्थिरता येण्याचा प्रश्न उघड झाला आणि इंटेलला त्यासाठी प्रोसेसरच्या आतल्या सूचना सुधारणारा मायक्रोकोड काढावा लागला. निर्णय घेताना हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याचं श्रेय आमच्या निवडीला देता येत नाही.

कूलर आणि कॅबिनेट

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीतल्या दुकानात प्रोसेसर घेताना दुकानदाराने आपुलकीने सांगितलं, 'मॅडम, ह्याच्याबरोबर कूलर बॉक्समध्येच येतोय. वेगळे पैसे कशाला घालताय?' येतो खरा. रेथ प्रिझम नावाचा, रंगीत दिव्यांचा, आणि प्रोसेसर थंड ठेवायला पुरेसा. पण त्याचा पंखा लहान आहे. भार आला की तो चढतो आणि चढला की ऐकू येतो. तो खोक्यातच राहिला.

वॉटर कूलिंगचा आग्रह मिस्टरांचा होता. पाण्याने शांतता येते हा समज इतका पसरला आहे की त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. पाणी उष्णता फक्त एका जागेवरून दुसरीकडे नेतं. शेवटी रेडिएटरवर पंखेच लागतात, आणि त्यात पंपाची भर पडते. पंप हलक्या कामातही थांबत नाही. म्हणजे नेमकं ताई बोलत असताना, बाकी सगळं निवांत असताना, त्याची बारीक गुणगुण चालूच. २५० वॅटच्या प्रोसेसरला पाणी लागू शकतं. ८८ वॅटला दोन टॉवरचा साधा हवेचा कूलर भरपूर होतो. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई घेतला. दोन १२० मिलिमीटरचे पंखे, उंची १५५ मिलिमीटर, आणि किंमत चांगल्या वॉटर कूलरच्या निम्म्याहून कमी. नॉक्टुआचा एनएच-डी१५ त्याहून सरस आहे, पण इतक्या कमी वॅटवर दोघांतला फरक माईकला कळला नसता.

कॅबिनेटचा निर्णय बऱ्याच लोकांना उलटा वाटतो. आतून फोम लावलेली, पुढून बंद दाराची कॅबिनेट घ्यायची की पुढे पूर्ण जाळी असलेली? फोम पंख्यांची वरच्या पट्टीतली सळसळ अडवतो, पण घूं सारखे खालचे सूर त्यातून आरपार जातात. आणि बंद दारामुळे हवा कोंडते, पंख्यांना जास्त वेगाने फिरावं लागतं. दार आवाज जितका अडवतं, त्यातला बराच भाग तो वाढलेला वेग परत देतो. खोलीत २२ अंश असतील तर बंद कॅबिनेट जिंकते असं मी मानतो. आमच्या खोलीत ३४ अंशांची शक्यता होती. जाळीची घेतली, मोठ्या पंख्यांची जागा असलेली.

पंख्यांचं गणित मात्र पाठ करून ठेवावं असं आहे. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. जोडीला तसाच आणखी एक पंखा लावला की हवा पूर्ववत होते आणि आवाजात भर पडते फक्त ३ डेसिबलची. निव्वळ फायदा १२ डेसिबलचा. म्हणून पुढे १४० मिलिमीटरचे दोन आणि मागे एक, तिन्ही मिनिटाला सहाशेच्या आसपास फेऱ्यांवर. एका पंख्यातून टिकटिक यायची. तो दुकानातून बदलून आणला.

ग्राफिक्स कार्ड

मिस्टर एन्स्केप या सॉफ्टवेअरवर ग्राहकाला घराची फेरी दाखवतात. त्यासाठी एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०७० ठरलं, १२ जीबी मेमरी, २०० वॅट. त्याच चिपची कार्डं अनेक कंपन्या काढतात. आम्ही दोन पंख्यांचं आटोपशीर कार्ड सोडून तीन पंख्यांचं जाडजूड घेतलं, कारण धातू जितका जास्त तितका पंखा निवांत. हलक्या कामात त्याचे पंखे पूर्ण थांबतात.

कार्डाची वीजमर्यादा ७५ टक्क्यांवर आणली, म्हणजे १५० वॅट. एन्स्केपमधल्या वेगाचा फरक दहा टक्क्यांच्याही आत राहिला आणि पंख्यांचा आवाज बराच उतरला. नवीन कार्ड घेणाऱ्या कोणालाही मी हा बदल पहिल्या दिवशीच करायला सांगेन.

एक दोष मात्र कार्डाबरोबर आला : कॉइल व्हाइन. पंखे थांबलेले असूनही एन्स्केपमध्ये दृश्य फिरवलं की किर्रर्र असा बारीक सूर. वीज कार्डाच्या गुंडाळ्यांमधून झपाट्याने कमीजास्त होताना त्या सूक्ष्म थरथरतात, त्याचा हा आवाज. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन कार्डांत तो वेगवेगळा असतो, आणि वॉरंटीत तो बहुतेकदा दोष धरला जात नाही. पडद्यावरच्या फ्रेम सेकंदाला ६० वर बांधल्या तेव्हा सूर जवळजवळ गेला. रेकॉर्डिंगच्या वेळी कार्डावर भार नसतो, तेव्हा तो मुळातच नव्हता. कार्ड ठेवलं.

बाकीचे पार्ट झटपट ठरले. बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, ज्यावर चिपसेटचा वेगळा बारका पंखा नाही. ३२ जीबीच्या दोन डीडीआर५ काड्या. चार घेतल्या असत्या तर या प्रोसेसरवर रॅमचा अधिकृत वेग ५२०० वरून ३६०० वर घसरतो. दोन टीबीचा एनव्हीएमई एसएसडी. जुन्या दोन्ही हार्ड डिस्क एका नॅस (नेटवर्कवरून वापरायच्या साठवणीच्या) डब्यात घालून हॉलमध्ये राउटरशेजारी गेल्या. लॅनच्या वायरवरून जुनी प्रोजेक्टं सहज उघडतात. पॉवर सप्लाय ७५० वॅटचा, गोल्ड दर्जाचा. गरज चारशेच्या आतली, पण कमी भारावर त्याचा पंखा फिरतच नाही, म्हणून मुद्दाम मोठा.

जुळवणी आणि पंख्यांची लय

पहिल्यांदा बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला. या प्रोसेसरच्या एएम५ सॉकेटचे बोर्ड पहिल्या वेळी डीडीआर५ रॅम ओळखून घ्यायला काही मिनिटं घेतात. माहीत नसेल तर माणूस घाबरून वीज बंद करतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. आम्ही चहा घेतला, तोवर बायोस आला.

बायोसमधली पंख्यांची मूळ मांडणी रेकॉर्डिंगला निरुपयोगी असते. रायझनचं तापमान एखादी खिडकी उघडली तरी क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतं आणि पंखा लगेच त्याच्यामागे धावतो. एकसारखा आवाज एडिटिंगमध्ये काढता येतो. वर-खाली होणारा काढता येत नाही. म्हणून ७० अंशांपर्यंत पंख्यांची रेषा सपाट ठेवली, त्यानंतर हळू चढ, आणि वेग बदलण्याआधी थांबायचा अवधी वाढवला. कॅबिनेटचे पंखे ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाशी बांधले.

कॅबिनेट टेबलावरून खाली आली, जुन्या योगा मॅटच्या तुकड्यावर. ताईंचा माईक कार्डिऑइड आहे, म्हणजे पाठीमागून आलेला आवाज तो सगळ्यात कमी घेतो. टेबल फिरवून माईकची पाठ बरोबर कॅबिनेटकडे केली. ताईंच्या मागच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या. आवाज भिंतीवर आपटून परत येणं त्याने बरंच कमी होतं.

एप्रिल

थंडीत सगळं सुरळीत होतं. खरी परीक्षा २०२४ च्या एप्रिलात झाली.

रेकॉर्डिंगच्या वेळी छताचा पंखा बंद, एसी बंद, खिडक्या बंद. शांत बसलेला माणूसही शंभर वॅटच्या आसपास उष्णता सोडतो. त्यात मशीन आणि दोन मॉनिटर. बंद खोलीत तासाभरात पारा ३४ च्या पुढे जायचा. मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली : दर काही मिनिटांनी ग्राफिक्स कार्डाचे पंखे खर्र करून फिरायचे, थोड्या वेळात थांबायचे, परत फिरायचे. ताईंच्या वाक्याच्या मध्येच.

कार्ड निवांत असताना इतकं तापत का होतं? तापमान आणि वीज लिहून काढत गेलो तेव्हा कारण सापडलं ते मॉनिटरमध्ये. मिस्टरांचा मॉनिटर १४४ हर्ट्झवर आणि ताईंचा ६० वर, दोन्ही एकाच कार्डाला जोडलेले. असे बेमेळ मॉनिटर असले की कार्डाची मेमरी कमी वेगावर उतरत नाही आणि काम नसतानाही ते जादा वीज ओढत राहतं. रायझन ७९०० मध्ये स्वतःची छोटी ग्राफिक्स असते. ताईंचा मॉनिटर मदरबोर्डच्या जागेत लावला, रेकॉर्डिंगच्या वेळी मिस्टरांचा बंद ठेवायचं ठरलं. कार्ड खऱ्या अर्थाने झोपलं, पंखे थांबले ते थांबलेच. कुठलाही पार्ट बदलावा लागला नाही.

दुसरी परीक्षा महावितरणने घेतली. लाइट गेली आणि मशीन जागच्या जागी बंद पडलं, जुना यूपीएस चालू असून. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असतं, आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की शुद्ध लहर न देता पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो. काही सप्लाय ती चालवून घेतात, काही बंद पडतात. शिवाय तो ६०० व्हीएचा, म्हणजे जेमतेम ३६० वॅटचा. प्युअर साइन वेव्हचा मोठा यूपीएस आणावा लागला, आणि त्याला स्वतःचा पंखा निघाला. तो पॅसेजमध्ये ठेवून लांब पॉवर केबल आत घेतली. डिस्प्लेच्या वायरीला अंतर चालत नाही, विजेच्या वायरीला चालतं.

परिणाम

रात्रीच्या रेकॉर्डिंगची गुणगुण आता उणे ६५ च्या आसपास असते, सकाळी पाखरं आणि दूधवाल्यांमुळे थोडी वर. नॉइज रिडक्शन बंद केलं आहे. कुजबुज कुजबुजीसारखी ऐकू येते, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपाचं फळ ते आहे. त्यानंतर प्रकरण आवाजामुळे परत आलेलं नाही.

मिस्टरांचं नऊ तास चालणारं रेंडर सव्वादोन तासांवर आलं. त्या वेळी प्रोसेसर सत्तरच्या आसपास राहतो आणि पंखे नऊशेवर जातात. खोलीत बसलं तर ऐकू येतं, दार लावलं की नाही.

पावसाळ्याआधी समोर बांधकाम सुरू झालं आणि पुढची जाळी धुळीने भरली. तापमान सहा-सात अंश वर, पंखे त्यामागोमाग. जाळी धुऊन सावलीत वाळवली की परत पहिल्यासारखं. महिन्याला एकदा हे करावंच लागतं; जाळीच्या कॅबिनेटची ही किंमत आहे आणि घेणाऱ्याने ती आधीच धरून चालावं.

वेगळं काय करता येईल

अशाच गरजेचं कोणी आलं तर यूपीएस पहिल्या यादीत असेल, पार्टांच्या बरोबरीने. त्याचा खर्च मागून आला आणि दोन लाखांची मर्यादा थोडी ओलांडली गेली.

कार्डाच्या बाबतीत १६ जीबीचं आरटीएक्स ४०६० टीआय हा पर्याय अधिक गंभीरपणे तोलता आला असता. १६५ वॅट, मेमरी जास्त, वेग कमी. झाडापानांनी भरलेली मोठी दृश्यं करणाऱ्याला मेमरी वेगापेक्षा आधी संपते. आणि कार्ड कोणतंही असो, दुकानातच लावून दाखवायला सांगावं. कॉइल व्हाइन गल्लीतल्या गोंगाटात नीट ऐकू येत नाही, म्हणून निदान आठवड्याभरात बदलून द्यायचं बोलणं आधी करून घ्यावं.

दोघं आता स्वतःचं घर पाहत आहेत. तिथे भिंतीला भोक पाडता येईल, फायबरची एचडीएमआय केबल टाकता येईल, आणि मशीन दुसऱ्या खोलीत जाईल. मिस्टरांनी लगेच विचारलं की मग २३० वॅटचा प्रोसेसर घ्यायचा का. बोर्ड तोच ठेवून बसवता येईल, हे खरं. मी त्यांना इको मोडमध्येच चालवायला सांगितलं आहे, कारण त्या दुसऱ्या खोलीत त्यांची आई झोपणार आहे.